परिसर समितीचं एक वर्ष: काय जमलं, काय फसलं, पुढे काय धरावं?

तळजाईचा_मोर

मंडळी, पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या भागात गेल्या पावसाळ्यानंतर एक परिसर समिती उभी राहिली. नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर मुद्दामच नाही. काही सोसायट्या, मधले जुने बंगले आणि कोपऱ्यावरची दुकानं एवढाच पसारा. वर्ष झालं, म्हणून हिशेब मांडतोय.

आधी जमलेलं. सुरुवातीला आम्ही काही आराखडा वगैरे केला नाही. वही घेऊन फिरलो आणि दिसेल ते लिहिलं. दिवा बंद असेल तर खांबाचा नंबर, चेंबरचं झाकण खचलं असेल तर ते कुठल्या फाटकासमोर, पेव्हिंग ब्लॉक कुठून कुठवर उखडलेत ते. यादी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दिली आणि पोच घेतली. दिवे लागले, झाकणं बरीचशी बदलली. मे महिन्यात पावसाळी गटारांची सफाई झाली तेव्हा आमच्यातलं कुणी ना कुणी तिथे उभं होतं. एरवी गाळ काढून चेंबरच्या कडेलाच ढीग घालतात आणि पहिल्या वळवात तो परत आत जातो. या वेळी गाळ त्याच दिवशी गाडीत भरला गेला. कोपऱ्यावर गुडघाभर पाणी साचायचं, ते घोट्यापर्यंत आलं. नाहीसं झालं म्हणणार नाही, खोटं कशाला बोला. विजेच्या डीपीशेजारचा कचऱ्याचा ढीगही हटला.

आता फसलेलं. शाळेच्या रस्त्यावर गतिरोधक मागितला, मिळाला नाही. ॲपवर टाकलेली फुटपाथची तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली, सोबतच्या फोटोत भलत्याच रस्त्याचा फुटपाथ. बाक मिळाला, पण त्यावरून जे रामायण झालं ते खाली कुणीतरी काढेलच.

प्रश्न असा की पुढच्या वर्षी शाळेपर्यंतचा फुटपाथ हे एकच मोठं काम धरून बसावं, की हीच बारीकसारीक कामं चालू ठेवावीत? सभेला माणसं कमी होत चालली आहेत, त्यावरही काही सुचत असेल तर सांगा.

खडूस_काका

बाक कुणाच्या खिडकीखाली बसवलाय ते आधी सांगा. मग मत देतो.

पेठी_भोचक

अध्यक्ष नाही? पुण्यात? मग फ्लेक्सवर फोटो कुणाचा लावता? आमच्याकडे गणपती मंडळापासून हास्यक्लबापर्यंत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उत्सवप्रमुख, सगळे आहेत. सतरंज्या उचलायला मात्र मी एकटाच.

इंद्रायणी_भात

अभिनंदन! डीपीशेजारचा ढीग कसा हटला ते सविस्तर लिहा ना. आमच्या धनकवडीत रांगोळ्या काढून झाल्या, कुंड्या ठेवून झाल्या, देवाच्या फरशा लावून झाल्या. कुंड्या चोरीला गेल्या. फरशा आहेत, त्यांच्या पुढ्यातच पिशव्या पडतात.

तळजाईचा_मोर

@इंद्रायणी_भात, रांगोळी आम्हीही काढली, पुढच्या पावसात वाहून गेली. मग सकाळी तिथे नुसतं उभं राहून बघायचं ठरलं. बघण्याआधी सगळ्यांची खात्री होती की कचरा 'खालच्या बाजूचे लोक' टाकतात. प्रत्यक्षात साडेसात ते साडेआठच्या दरम्यान आमच्याच सोसायट्यांतले लोक स्कूटरच्या पायाशी पिशवी ठेवून यायचे, वेग कमी करायचे आणि पायानेच ढकलून द्यायचे. स्कूटर थांबायचीसुद्धा नाही, कौशल्यच म्हणायचं.

कारण साधं होतं. कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई घरोघरचा कचरा न्यायला नऊनंतर यायच्या आणि दोघंही नोकरीवर जाणाऱ्या घरांना तोवर कुलूप लागलेलं असायचं. काही घरांनी तर महिन्याचे पैसे वाचवायला सेवाच घेतली नव्हती. ताईंशी बोललो. त्यांनी या इमारतींचा क्रम आधी घेतला. उरलेल्यांसाठी जिन्याखाली ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या ठेवल्या आणि त्या ताईंकडे द्यायचं काम वॉचमनला लावून दिलं. ढीग हटला तो यामुळे. एक वडापाववाला रात्री कागद आणि बटाट्याची सालं टाकायचा, त्यालाही ताईंनीच गाठलं. त्या मालक आहेत त्या संस्थेच्या, कुणा ठेकेदाराची माणसं नाहीत. बोलायची पद्धतही तशीच.

मिरची_भजी

पायाने ढकलणारे आमच्याकडेही आहेत. हेल्मेट घालत नाहीत म्हणून ओळखता तरी येतात.

निवृत्त_अभियंता

धागा आवडला. आयुष्य अंदाजपत्रकं करण्यात गेलं म्हणून थोडं लांबण लावतो.

नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत पुण्यात २००६-०७ पासून आहे. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात. बहुतेक लोक त्यावर लिहितात, 'आमच्या भागातील रस्ते सुधारावेत.' या वाक्याचं कनिष्ठ अभियंत्याने करायचं काय? त्याला इस्टिमेट करायचं असतं. त्यासाठी कुठून कुठवर, लांबी किती, रुंदी किती, खाली केबल किंवा पाण्याची लाइन आहे का, जागा महापालिकेची आहे का, हे लागतं. सोसायटीच्या हद्दीतली कामं यात बसत नाहीत, तरी दरवर्षी निम्मे लोक पार्किंगमध्ये ब्लॉक मागतात. तुम्ही खांबाचे नंबर लिहिलेत तिथेच अर्धी लढाई जिंकलात.

दुसरं, सूचना मंजूर झाली म्हणजे काम झालं असं नाही. अंदाजपत्रक छापून आलं की आपलं काम कोणत्या नावाने आणि किती तरतुदीने आलंय ते शोधा. पुढे निविदा, कार्यादेश, आणि काम ३१ मार्चच्या आत. त्यात रेंगाळलं तर 'वर्गीकरण' होतं, म्हणजे तुमच्या फुटपाथचे पैसे दुसऱ्या कामाला जातात. जानेवारीपर्यंत निविदा निघाली नाही तर समजायचं की पैशांना पाय फुटले. महापालिकेत माहिती अधिकाराखाली सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली बघायची सोय होती, अजून चालू आहे का ते विचारून घ्या. फुकट असायची, चहा मात्र आपला आपण.

गतिरोधकाबद्दल: तो बसवण्याआधी वाहतूक पोलिसांचा अभिप्राय लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने त्यावरून गाडी सहज जावी हा हेतू. आपल्याकडे गल्लोगल्ली जे डांबराचे उंचवटे आहेत ते हाडवैद्यांच्या सोयीसाठी. तसा मिळाला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

खडूस_काका

अभियंत्यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. बाकाचं उत्तर अजून आलेलं नाही.

चिंचगूळ

काका, बाकाचं मी सांगते, मी तिथलीच. मेडिकलच्या दुकानापुढे, सोनमोहराच्या झाडाखाली बसवलाय. माझ्या सासूबाई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून औषधं आणायला स्वतः जातात, जाताना तिथे टेकतात, येताना टेकतात. त्यांच्यासारख्या बऱ्याच जणी. पण संध्याकाळी सातनंतर तिथे कॉलेजची मुलं बसतात, मोबाइलवर गाणी लावतात, तर समोरच्या इमारतीतून तक्रार आली की बाक काढा. एका सभेत तर ठराव आला, बाकाला मध्ये लोखंडी दांडा लावा म्हणजे आडवं कुणी होणार नाही. सासूबाई म्हणाल्या, दांडा लावा, मलाही उठताना धरायला होईल!

लावला. मुलं अजून बसतात, फक्त आता दोन बाजूंना.

खडूस_काका

समोरची इमारत माझ्या मेहुण्याची. रात्री साडेदहालाही गाणी चालू असतात. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र आहे की, रस्त्यावर बाक कशाला?

चिंचगूळ

विरंगुळा केंद्र चढावर आहे काका. तिथवर जायचं तर मध्ये कुठेतरी बसायला लागतं.

पेठी_भोचक

=)) दंडवत सासूबाईंना.

मी_मध्यमवर्गीय

मला सगळ्यांपेक्षा वेगळं वाटतंय, हलके घ्या. मिळकतकर आपण भरायचा आणि गाळ उचलताना उभंही आपणच राहायचं? अशा समित्यांमुळे यंत्रणा आणखी सुस्तावते. 'नागरिक जागरूक आहेत' असं म्हणत सगळी जबाबदारी आपल्याकडे ढकलतात. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, प्रभाग समित्या त्यातल्याच. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे मतदान केंद्राच्या भागातल्या मतदारांची सभा. ती कागदावरच राहिली. तुम्ही वर्षभर झाकणं मोजलीत त्याऐवजी ही सभा मागायला हवी होती. हक्काची सभा असेल तर पोच घेत फिरावं लागणार नाही.

निवृत्त_अभियंता

मुद्दा बरोबर, पण झाकण नसलेल्या चेंबरमध्ये माणूस पडायचा तो सभा मिळेपर्यंत थांबत नाही.

बाणेरची_टेकडी

@मी_मध्यमवर्गीय, दोन्ही एकदम करता येतं. २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, त्यानंतर आमच्याकडे हाच प्रश्न होता. आधी निदान नगरसेवकाच्या घरी जाऊन भांडता यायचं. त्यांची ती 'स' यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची तरतूद, त्यातून ब्लॉक उखडून पुन्हा तेच ब्लॉक बसवणं, सगळं मान्य. पण दार तरी होतं ठोठवायला. नंतर क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला समितीच्या बैठकीला जायची सवय लावली. तिथे पथ, पाणी, मलनिःसारण, उद्यान, सगळ्या खात्यांची माणसं एका टेबलावर सापडतात. 'हे आमच्याकडे येत नाही' हे वाक्य समोरासमोर म्हणता येत नाही, हाच मोठा फायदा. झाडाची फांदी दिव्यावर आलेली असते, विद्युतवाले उद्यान खात्याकडे बोट दाखवतात, उद्यानवाले अर्ज द्या म्हणतात. एका टेबलावर ते पाच मिनिटांत मिटतं.

जाता जाता, फांदी स्वतः तोडू नका. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात परवानगी लागते, आणि शेजारी तक्रार करायला टपलेलेच असतात.

ओढ्याकाठची

बराच वेळ नुसतं वाचत होते, आता लिहिते. धागाकर्ते, तुमच्या समितीत ओढ्याच्या बाजूचं कोण आहे? सोसायट्या, बंगले, दुकानं एवढंच लिहिलंय तुम्ही. वर 'खालच्या बाजूचे लोक' पण आलंय, अवतरणात का होईना.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवते का? कात्रजकडून आंबील ओढा आला आणि अरण्येश्वरपासून दांडेकर पुलापर्यंत घरंच्या घरं धुऊन गेला. आमच्याकडे पाणी आलं ते आधी ओढ्यातून नाही, मोरीतून. न्हाणीतून उलटं वर. गॅसची टाकी तरंगत होती, मी पोराला माळ्यावर टाकलं आणि शेजारच्या आजींना ओढत आणलं. तुमच्या कोपऱ्यावरचं पाणी गुडघ्यावरून घोट्यावर आलं म्हणता. चांगलंच आहे. पण ते पाणी गेलं कुठे? उताराने आमच्याकडेच. तुमचे चेंबर साफ झाले की आमच्याकडे लोंढा लवकर येतो, आणि खालच्या लाइनीचा गाळ त्या मे महिन्यात कुणी उचलला नाही. तिथे कुणी उभं नव्हतं. आम्ही सकाळी सहाला कामावर असतो.

भांडायला आलेले नाही. तुमच्याच इमारतींमध्ये आमच्या अर्ध्या बायका कामाला आहेत.

इंद्रायणी_भात

@ओढ्याकाठची, अंगावर काटा आला. आणि पाण्याचं तुमचं म्हणणं अगदी पटलं.

जुना_पर्वतीकर

हा ओढा पेशवाईत वळवलेला. त्याआधी तो शहराच्या अंगाने जायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याला पर्वतीकडून फिरवलं आणि तळं केलं, तिथेच आताची सारसबाग. पानशेत फुटलं तो १२ जुलै १९६१ चा पूर मी लहानपणी पाहिला. नदीकाठचे लोक उठून सहकारनगर, गोखलेनगरच्या बाजूला राहायला आले ते त्यानंतर. म्हणजे पुराला भिऊन लोक जिथे आले तिथेच पुढे ओढ्याने गाठलं. मधल्या काळात ओढ्याला भिंती आल्या, पात्र आवळलं, त्यावर सिमेंट पडलं. नियोजनाचं बोलायचं तर उतार कुठून कुठे जातो हे आधी कागदावर काढा. वही हद्दीपाशी बंद करू नका.

मी_मध्यमवर्गीय

पर्वतीकर काकांशी सहमत. आणि याचसाठी मी क्षेत्रसभा म्हणत होतो. ती मतदार यादीवर असते, सोसायटीच्या फाटकावर नाही. वरच्यांना आणि खालच्यांना एकाच सभेत बसावंच लागेल.

पेठी_भोचक

हे मात्र मध्यमवर्गीयांनी लाखात एक सांगितलं. आजची तारीख लिहून ठेवतो.

कोथरूडची_सायकल

माणसं का कमी होतात यावर: सभा कधी आणि कुठे घेता? आमच्याकडे रविवारी सकाळी अकराला क्लबहाउसमध्ये असायची. येणारे कोण, तर निवृत्त पुरुष आणि त्यांचे चष्मे. पोहे झाले की सभा संपली. पुढे निवडणुकीची हवा सुरू झाली, एक जण इच्छुक म्हणून उभा राहिला आणि समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच्या शुभेच्छा-पत्रांनी भरून गेला. वाढदिवस, तीळगूळ, आषाढी, सगळं 'आपला नम्र'. लोक एकेक करून बाहेर पडले. तेव्हा अध्यक्ष नाही हे तुमचं फार बरंय, ते तसंच ठेवा. आणि जो उभा राहील त्याने समिती सोडायची हे आत्ताच ठरवून घ्या. नंतर ठरवलं तर ते त्याच्याविरुद्ध ठरवल्यासारखं दिसतं.

मिरची_भजी

अवांतर: आमच्या गल्लीत 'यांच्या संकल्पनेतून' अशी पाटी लागलीय. खाली काहीच नाही. बाक नाही, झाड नाही, नुसती पाटी. संकल्पनाच असावी.

तळजाईचा_मोर

सगळ्यांचे आभार. @ओढ्याकाठची, तुमचा प्रतिसाद काल सभेत मोठ्याने वाचून दाखवला. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग दोन जण भांडले, मग ठरलं. पुढची सभा खाली मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, रात्री साडेआठला, कामावरून आल्यावर. तुम्ही आणि तुमच्यासोबत आणखी कुणी येणार असाल तर वेळ तुमच्या सोयीने बदलू. उतार कुठे जातो ती नोंद वरपासून ओढ्यापर्यंत करायची आणि येत्या मेमधली गाळसफाई आधी खालच्या टोकाकडून मागायची. पर्वतीकर काका येतो म्हणालेत.

@मी_मध्यमवर्गीय, क्षेत्रसभेच्या मागणीचं पत्र तुम्हीच लिहून द्या, सह्या आम्ही गोळा करतो.

ओढ्याकाठची

साडेआठ नको, नऊ. भाकरी टाकून येते. आणि देवळात नको, सगळे देवळात येत नाहीत. अंगणवाडीसमोर मोकळं आहे, दिवाही आहे. तुमच्याच यादीतला, लागलाय.

तळजाईचा_मोर

नऊ, अंगणवाडीसमोर. ठरलं.

चिंचगूळ

या सगळ्यात मूळ प्रश्न राहिला की, शाळेचा फुटपाथ! माझी मुलगी त्याच रस्त्याने जाते. एका बाजूला डीपी, पुढे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, मग झाडाचं आळं, मग कुणाच्या तरी गाडीचं तोंड. मुलं शेवटी रस्त्यावर उतरतात आणि मागून शाळेच्याच रिक्षा हॉर्न देतात. गतिरोधक नाही मिळाला ना, मग मुलांना चालायला सलग पट्टा तरी द्या. माझं मत विचाराल तर वर्षभर हेच धरा. ओढ्याकडची मुलंही त्याच शाळेत येतात.

खडूस_काका

याला माझा पाठिंबा. गुऱ्हाळवाला हलणार नाही, पण त्याच्याशी मी बोलतो, ओळखीचा आहे. चाक काढून ठेवलंय त्याने, परत बसवलं तर गाडा दोन फूट मागे सरकेल.

बाणेरची_टेकडी

शाळेचं पत्र जोडा. मुख्याध्यापकांची सही असलेलं पत्र अर्जाला लावलं की फाइल वेगळी दिसते. पालकांच्या सह्या वेगळ्या कागदावर घ्या.

निवृत्त_अभियंता

मग आधी मोजा. यंदाची सूचनांची मुदत यायच्या आत मोजणी हातात हवी. नुसती कडेपासून कडेपर्यंत रुंदी घेऊ नका, अडथळे वगळून चालायला मोकळी किती उरते ती घ्या. मानकात ती किमान १.८ मीटर सांगितलीय आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे रस्त्यावर थर चढले की फुटपाथही वर चढतो आणि म्हातारी माणसं त्यावर पाय टाकतच नाहीत. दर दहा मीटरला एक नोंद, अडथळा कोणता आणि तो कोणत्या खात्याचा, एवढं पुरे. डीपी हलवायची तर ते वेगळं प्रकरण आहे, खर्चही वेगळा. ती एका बाजूला ठेवून वळसा बसतो का ते बघू. मी येतो टेप घेऊन.

चिंचगूळ

शनिवारी सकाळी सातला चालेल? शाळा सुटीच्या दिवशी मोजलं तर सगळं मोकळं दिसेल. रिक्षा उभ्या असतानाच मोजू.

निवृत्त_अभियंता

पावणेसातला. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं, मला वाकवत नाही.

मी_मध्यमवर्गीय

मी येतो.